भट्टीवर कोण होतं

“तुम्ही काय करताय तेवढं सांगा मला, काय करायला पाहिजे ते मला पाठ हाय.”

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पवित्रा हत्तरकीने हे वाक्य एकोणीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, याची नोंद कुठे नाही. बाकी सगळ्याची आहे. लोखंडाचा रस किती तापला, वाळूत पाणी किती पडलं, कोणत्या साच्यात कोणत्या भट्टीचं लोखंड गेलं, कोणी ओतलं, किती वाजता ओतलं, हे सगळं तिच्या खोलीतल्या कपाटांत उभं आहे, आणि बहुतेक खोटं आहे. हे तिला माहीत होतं. तिचा सगळा वैताग या माहीत असण्याचा होता.

ती गडहिंग्लजच्या पलीकडची. तिच्या गावात एसटीचं तिकीट कानडीत मागितलं तरी कंडक्टर मान वर न करता फाडून देतो. आई गंगव्वा अजून फोनवर कानडीच बोलते. पवित्रा आकडे मनात कानडीतून मोजते आणि कागदावर मराठीतून लिहिते. कारखान्यात तिला सगळे आक्का म्हणतात. तिच्याहून मोठे, पन्नाशी ओलांडलेले भट्टीवालेही. मालक पृथ्वीराज तिच्याहून पाच वर्षांनी लहान. तो बाहेरचं कोणी आलं की मॅडम म्हणतो आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा आक्का.

ती लागली स्टोअरची कारकून म्हणून. गुणवत्तेचं प्रमाणपत्र घ्यायचं ठरलं तेव्हा एका सल्लागाराने अकरा फायली आणून दिल्या. कामाची पद्धत कशी, कोण करतो, कोण तपासतो, चुकलं तर काय करायचं, सगळं छापलेलं. या फायली सांभाळायला कोणीतरी हवं होतं. पवित्राचं अक्षर चांगलं होतं, एवढ्यावर तिची नेमणूक झाली. तिने त्या फायली वाचल्या, आणि तिच्या मते त्या वाचणारी ती पहिलीच. सातव्या फायलीत लिहिलं होतं की तयार माल उंदीर, घुशी आणि ओलाव्यापासून दूर, झाकून ठेवावा. माल म्हणजे चाळीस किलोचे लोखंडी हब, ट्रॅक्टरच्या चाकात बसणारे. सल्लागाराने कुठल्यातरी बिस्किटांच्या कारखान्याची फाईल नाव बदलून दिली होती. त्याच फायलींवर तीन वर्षं तपासणी पार पडली होती. तपासायला आलेल्या एकाने तर उंदीर प्रतिबंधाची नोंद आहे का असं विचारलं होतं, आणि कोणीतरी ती तयार करून दिली होती.

तिने ती नोंद शोधून काढली. दर महिन्याला उंदीर शून्य.

त्या दिवशी ती फळी, कागद आणि पेन घेऊन शॉपमध्ये, प्रत्यक्ष ओतकामाच्या जागी, उतरली. पुढची दोन वर्षं तिने एकही पद्धत टेबलावर बसून लिहिली नाही. भट्टीपाशी, वाळूच्या गिरणीपाशी, साचे भरणाऱ्यांपाशी उभी राहिली. तिच्या कच्च्या कागदांवर काळे अंगठे उमटलेले असत. तिने इंग्रजी फायली काढून मराठी केल्या, आणि मराठीत कोणीतरी घातलेलं “वितलन विभाग” काढून “भट्टी” लिहिलं. एवढं करून मिळालं काय, तर वैताग. साचे भरणाऱ्याला विचारलं की वाळू किती वेळ ठोकता, तर तो म्हणे, “लिवा की आक्का, तुमास्नी बरं दिसंल ते.” ती म्हणे, मला बरं दिसण्याचा प्रश्न नाही. तो म्हणे, मग सायबाला बरं दिसंल ते लिवा. एकाने तर तिला पाहिल्यावर हातातलं काम थांबवून, तिने भिंतीवर लावलेला कागद वाचून, त्याप्रमाणे करून दाखवलं, आणि ती वळल्यावर पुन्हा आपलं सुरू केलं. तिने ते खिडकीच्या काचेत पाहिलं.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवरा सिद्धाप्पा म्हणाला की फाउंड्री आधीही चालतच होती न्हवं. शाहूपुरीतल्या भुसार दुकानात तो दिवसभर पोती मोजतो. पोत्यांना पद्धत लागत नाही. पवित्रा त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

बदलीचा शोध तिला असाच उभं राहून लागला.

कारखान्यात दोन भट्ट्या. मोठ्या भट्टीवर साधं बीड, लहान भट्टीवर चिवट लोखंड, ज्याला सगळे एसजी म्हणतात. एसजीचं एक नाजूक असतं. रसात मॅग्नेशियम टाकलं की आठ मिनिटांच्या आत तो साच्यांत ओतून संपवायचा. उशीर झाला तर मॅग्नेशियम उडून जातं. ओतलेला नग बाहेरून तसाच दिसतो, पण आतून ठिसूळ होतो. या भट्टीवर बावीस वर्षं पिराजी होता, उचगावचा. त्याला घड्याळ लागत नसे. तो रसाच्या रंगाकडे बघून “हं” म्हणे आणि लॅडल, म्हणजे रस ओतायचं मोठं भांडं, हलत असे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात पवित्रा वेळ मोजायला लहान भट्टीपाशी गेली, तर तिथे पिराजी नव्हता. सम्राट होता, गडमुडशिंगीचा, तिशीतला, मोठ्या भट्टीवर दुपारच्या पाळीला असणारा. नोंदवहीत मात्र पिराजीची सही. तिने भट्टीचे सुपरवायझर गणपतराव यांना विचारलं. गणपतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने सूर्य कोणत्या बाजूला उगवतो ते विचारलं असावं. आज उचगावची म्हाई, ते म्हणाले.

म्हाई म्हणजे गावच्या यात्रेतला खारा दिवस. पहिल्या दिवशी देवाला गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण आणि पावण्यांची रीघ. त्या दिवशी घरचा कर्ता माणूस कामावर गेला तर पावणं कोण बघणार? आणि भट्टी तर बंद ठेवता येत नाही. म्हणून पूर्वीच कधीतरी ठरलेलं. उचगावची म्हाई असली की गडमुडशिंगीचे उचगावकरांच्या जागी उभे राहतात. गडमुडशिंगीची असली की उचगावचे. रजा कोणी मागत नाही, रजा कोणी देत नाही. उभा राहणारा जाणाऱ्याच्या नावाने सही करतो, पाळी संपली की स्वतःच्या नावाने दुसरी पाळी करतो, आणि संध्याकाळी त्याच्या घरी डबा पोचतो. वीस वर्षांत एक दिवसही भट्टी माणसाविना राहिली नव्हती. कारखान्यातली ही एकच पद्धत सगळे न चुकता पाळत होते, आणि ही एकच कुठे लिहिलेली नव्हती.

पवित्राला पहिल्यांदा आनंद झाला. मग तिने विचार केला आणि तिला घाम फुटला. कारण सम्राटला बीड येत होतं, एसजी येत नव्हतं. बिडाला आठ मिनिटांची अट नाही. पंधरा मिनिटं लॅडल उभा राहिला तरी काही बिघडत नाही. तिने दोन पानं लिहिली. बदली बंद करा असं त्यात नव्हतं. कोणाच्या जागी कोण उभा राहू शकतो याची यादी, एसजीवर उभा राहणाऱ्याने आधी पिराजीबरोबर चार दिवस काढायचे, आणि वहीत सही स्वतःच्या नावाची. एवढंच.

पृथ्वीराजने ती पानं उभ्याउभ्या वाचली. त्याचं म्हणणं असं की हे लिहिलं म्हणजे मान्य केलं. मग हजेरीचं काय, सोळा तासांचं काय, विम्याचं काय, उद्या कोणी भाजला तर कोणाच्या नावाने दवाखान्यात न्यायचा. पवित्रा म्हणाली, तो प्रश्न आजपण आहे. तो म्हणाला, आज आहे, पण कागदावर नाही. आणि त्याने पानं तिला परत दिली, अगदी सौम्यपणे, कोणाच्या घरी चुकून आलेलं पत्र परत करावं तसं. गणपतराव म्हणाले की आक्का, देवाच्या कामात फॉर्म कशाला.

सम्राटलाही तिने गाठलं होतं, की चार दिवस पिराजीमामांबरोबर राहा. तो हसला. वर्षातनं एकदा उभं राहायचं, त्येला काय शाळा घालायची, म्हणाला.

यंदाच्या म्हाईला पिराजीने अख्ख्या ऑफिसला बोलावलं. मुलगी शांभवी नर्सिंग पास झाली होती, तिचंही निमित्त. पवित्रा मटण खात नाही हे धोंडुबाईला, पिराजीच्या बायकोला, ठाऊक. तिने शेजारणीच्या चुलीवर वेगळ्या पातेल्यात वरणभात आणि वांग्याची भाजी केली होती आणि पवित्राला आतल्या खोलीत बसवलं होतं, तिथून ओसरीवरची पंगत दिसत होती. दीडचा सुमार. पृथ्वीराज भिंतीला टेकून बसला होता. पिराजी वाढत होता. बावीस वर्षं रसाचा लॅडल कलता करणारा माणूस रश्श्याचं पातेलं त्याच हाताने कलतं करत होता, एक थेंब न सांडता. “घ्या की दादा, लाजताय व्हय,” असं त्याने म्हटल्यावर ओसरी हसली. पृथ्वीराजने हात आडवा धरला आणि बोटांच्या फटीतून रस्सा घेतला. पवित्राच्या मनात भट्टीचा विचार येऊन गेला. तिने तो वरणभाताबरोबर गिळला. आपणही येऊन बसलोच की, असं तिला वाटलं.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीतून मेल आला. सहा हब तडकले होते. नशिबाने त्यांच्याच चाचणीच्या खोलीत, रस्त्यावर नाही. प्रत्येक नगावर भट्टीच्या त्या खेपेचा आकडा उठवलेला असतो. पवित्राने तो आकडा वहीत शोधला आणि तिला चार मिनिटं लागली. इतक्या वर्षांत तिची पद्धत इतकी चोख चालली नव्हती. आकड्यावरून तारीख मिळाली, तारखेवरून पाळी, पाळीवरून वेळ. मॅग्नेशियम एक चाळीस. ओतून पूर्ण एक सत्तेचाळीस. सही, पिराजीची.

एक चाळीसला पिराजी कुठे होता हे ऑफिसातल्या प्रत्येकाच्या पोटाला माहीत होतं.

तिने आधी सम्राटला विचारलं. त्याने लपवलं नाही. रसावरची मळी काढत बसलो, मग ट्रॉलीचं चाक अडकलं, मग पाणी प्यायलो. आमच्या भट्टीला चालतंय की, म्हणाला. किती मिनिटं? असतील पंधरा. मग वहीत सात कशी? “वरच्या सगळ्या रकान्यात सातच हाय, आक्का. म्या येगळं कसं लिवायचं?” त्याचा चेहरा उतरला होता. तो कंत्राटी होता. त्याला काढायला कोणाला कागदही लागत नव्हता.

पृथ्वीराजने गिऱ्हाइकाला द्यायचं उत्तर स्वतःच लिहून आणलं. चुकीचं मूळ कारण, कामगार पिराजी याचा निष्काळजीपणा. उपाय, कामगारास भट्टीवरून हलवून घासाईला देण्यात आले. घासाई म्हणजे ओतलेल्या नगांच्या कडा ग्राइंडरने घासणं. नवीन आलेल्याला किंवा मर्जीतून उतरलेल्याला तिथे लावतात. तयार करणार, पवित्रा हत्तरकी, आणि सहीसाठी रेघ.

ती म्हणाली, दादा, हे औषध ज्याला आजार नाही त्याला चाललंय. पुढच्या म्हाईला पुन्हा हेच होणार. पृथ्वीराज म्हणाला की पुढच्या म्हाईचं पुढं बघू, आधी ही ऑर्डर वाचवू. खरं लिहिलं तर वही खोटी ठरते, वही खोटी ठरली तर प्रमाणपत्र जातं, मग पिराजी, सम्राट, तुम्ही, मी, सगळे घासाईला. त्यात तथ्य होतं, हीच अडचण होती. तथ्य नसतं तर तिला भांडता आलं असतं.

ती पिराजीकडे गेली. तिला वाटलं होतं, तो चिडेल, युनियनकडे जाईल, निदान शिवी तरी देईल. तो तंबाखू मळत भट्टीच्या कठड्याला टेकून उभा होता.

“मामा, तुमच्यावर घालताहेत हे. तुम्ही नव्हता म्हणून सांगा. एवढंच सांगा.”

“मी गेलतो म्हणून तो उभा ऱ्हायला. जो जातो त्येचीच भट्टी असती, आक्का. उभा ऱ्हाणाऱ्याला बोल लावायचा नसतो.”

“हे कुणी ठरवलं?”

“पहिल्यापासनं हाय की. तुमी लिवलं न्हवतं व्हय त्या दोन पानांत?”

नव्हतं लिहिलं. तिने प्रत्येकाला विचारलं होतं, आणि हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं असतं असं कोणाला वाटलं नव्हतं. तिला त्या माणसाचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, कागदावर असं नाही लिहिणार कोणी, की तुम्ही जबाबदारी घेतली. कागदावर लिहिणार की तुम्ही तिथे होता आणि झोपला होता. बावीस वर्षांनी. पिराजीने तंबाखू ओठाखाली धरली. कागद कोण वाचतंय, म्हणाला. आणि मग, भट्टीकडे बघत, की घासाईत निदान धग तरी लागणार न्हाय.

गुरुवारी पुण्याचे इंजिनिअर आले. पन्नाशीचे, नीट भांग पाडलेले, हातात टॅब. मीटिंगच्या खोलीत पृथ्वीराज, गणपतराव, पवित्रा, आणि दाराजवळच्या खुर्चीवर पिराजी, धुतलेला शर्ट घालून. सम्राटला बोलावलं नव्हतं. साहेबांनी कागद वाचला आणि पिराजीला विचारलं की त्या दिवशी एक चाळीसला भट्टीवर तुम्ही होतात का.

“व्हय. मीच.”

मग उशीर कशामुळे झाला? पिराजीने गणपतरावांकडे पाहिलं. त्याला माहीत नव्हतं. तो तिथे नव्हता. ट्रॉली आडली, तो म्हणाला. किती मिनिटं? आठ-धा. मग वहीत सात मिनिटं का लिहिली? बावीस वर्षांत पिराजीच्या हातून बिघडलेल्या खेपा बोटांवर मोजता आल्या असत्या. आता दुसऱ्याच्या चुकीची उत्तरं त्याला पाठ नव्हती, आणि तो परीक्षेत कॉपी सापडलेल्या मुलासारखा मान खाली घालून बसला होता. पृथ्वीराज पाण्याच्या बाटलीचं लेबल नखाने सोलत होता.

साहेब पवित्राकडे वळले. मॅडम, पद्धत तुम्ही लिहिली आहे, तर नेमकं काय झालं असावं असं तुम्हाला वाटतं?

“एक चाळीसला पिराजीमामा भट्टीवर नव्हते,” ती म्हणाली. “उचगावात होते, घरी. आम्हाला जेवायला वाढत होते. मी होते तिथं. दादा होते, गणपतराव होते. भट्टीवर ज्याला एसजी शिकवलेलं नाही असा माणूस होता, आणि त्याला शिकवायचं मी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं.”

गणपतराव हळूच “आक्का,” म्हणाले, लहान मूल चुलीकडे गेल्यावर म्हणतात तसं. पृथ्वीराजचा चेहरा पांढरा पडला होता. पवित्राला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे. एकदा तरी या कारखान्यात घडलेली गोष्ट घडली तशी बोलली गेली.

साहेबांनी टॅब उलटा टेबलावर ठेवला. ते चिडले नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आवाज खाली आणून बोलले.

“मॅडम, हे तुम्ही मला सांगितलंत, मी ऐकलं नाही. वहीत नाव एकाचं आणि भट्टीवर दुसरा, हे मी लिहून नेलं तर प्रश्न सहा नगांचा राहत नाही. तीन वर्षांचा माल उकरावा लागेल. आणि गेल्या वर्षी तुमचं ऑडिट मीच पास केलंय.”

पृथ्वीराजच्या तोंडावर हळूहळू रंग परत येत होता.

“हा आधीचा कागद आहे ना, तो बरा आहे. स्वच्छ आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो दोन बोटांनी तिच्यासमोर सरकवला. “फक्त ते ‘निष्काळजीपणा’ काढून ‘अनवधान’ करा. माणसालाही बरं वाटेल.”

गणपतरावांनी तत्परतेने पेन पुढे केलं. पृथ्वीराज म्हणाला की चहा सांगूया का. पवित्राने कागदाकडे पाहिलं. कारण, उपाय, तारीख, तयार करणार. सगळे रकाने भरलेले होते आणि सरळ होते. तिनेच आखून दिलेला फॉर्म होता तो. साहेब घड्याळ बघत होते, त्यांना परतताना चारपर्यंत कराड ओलांडायचं होतं.

“करा की सही, आक्का,” दाराजवळून पिराजी म्हणाला. “माझं काय म्हणणं न्हाय.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खरंच विनवत होता. खोलीतल्या चारही माणसांना तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती, आणि ज्याच्यासाठी ती नाही म्हणत होती त्यालाही तीच.

पवित्रा उठली. कागद होता तिथेच राहिला, पेनही. तिने खुर्ची मागे सारली तेव्हा खुर्चीचा पाय फरशीवर घासला गेला. पिराजीने पाय आत ओढून तिला वाट दिली. ती दार उघडून बाहेर निघून गेली.